भुंगेऱ्याखालचं तिसरं नाव

“हे तिसरं नाव कुणी घुसडलं ह्याच्यात? मी विचारतोय, कुणी घुसडलं?”

आमचे मोठे सर, म्हणजे प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, प्रयोगशाळेच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. एका हातात छापखान्यातून आलेला कागद, दुसऱ्या हातात भिंग, आणि आवाज असा, की फॉर्मलिनमध्ये बारा वर्षं झोपलेल्या बेडकानं बरणीतल्या बरणीत कूस बदलली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या बोलण्यात शेराला पाऊण शेर पाणी असतं हे अख्ख्या परभणीला ठाऊक आहे, तेव्हा बेडकाचं सोडून द्या. पण सर ओरडले हे खरं आणि पुढचंही खरं. ह्या एका गोष्टीत इतकी वर्षं पाणी घालून पाहिलं, पातळ होत नाही.

कागदावर मोहरीएवढ्या अक्षरांत ओळीनं चिठ्ठ्या छापलेल्या होत्या. हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भुंगेरा म्हणजे पाठीला टणक कवच असलेला किडा. तो पकडला, मारला, वाळवला की त्याला टाचणी टोचतात आणि त्याच टाचणीत, त्याच्या पोटाखाली, नखाएवढी चिठ्ठी ओवतात. कुठं सापडला, कधी सापडला, कुणी पकडला. चिठ्ठी नसली तर तो नुसता मेलेला किडा. चिठ्ठी असली की शास्त्र. आमच्या चिठ्ठीवर ठिकाण होतं जैसलमेर, तारखेची जागा कोरी, आणि पकडणाऱ्यांची नावं तीन. सरांना दोन हवी होती.

आता गंमत अशी, की तोवर आम्ही जैसलमेरचा एकही भुंगेरा पकडलेला नव्हता. जैसलमेर जाऊ द्या, आमच्यातलं कुणी मनमाडच्या पुढं गेलेलं नव्हतं. निघायला दीड महिना होता आणि चिठ्ठ्यांचं प्रूफ येऊन पडलं होतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण आमच्याच जिल्ह्यात निघाली असणार. तुरी तर इथं पोत्यानं होतात.

मुळात ह्या सगळ्याला माझी एक थाप कारण झाली. नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं झाली होती, विद्यापीठाला नाव काही लागलं नव्हतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुठंतरी बंद असायचा. असल्याच एका बंदच्या दिवशी कॉलेजात पोरं नव्हती. स्टाफरूममध्ये चहा होता, भजी होती, आणि ऐकायला माणसं होती. मी तेव्हा कच्च्या नोकरीतला डेमॉन्स्ट्रेटर. पगारानं सगळ्यात खाली, जिभेनं सगळ्यात वर. मी सांगून टाकलं, की माझा मावसभाऊ मिलिटरीत आहे, त्याच्याकडं मी जैसलमेरला महिनाभर राहून आलोय. तिथली वाळू इतकी तापते, की पापड टाकला तर भाजून वर येतो. तिथले काळे भुंगेरे तव्याएवढे, उंटाचा पाय पडला तर भुंगेरा मरत नाही, उंट लंगडतो. लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला आणि विचारलं, “तुम्ही पाहिलेत?”

पाहिलेत म्हटलं. थाप अर्ध्यावर सोडणं माझ्या रक्तात नाही.

सरांची अडचण मला नंतर कळली. वीस वर्षं त्यांनी परभणीच्या शेणातले भुंगेरे जमवले होते. पोरं त्यांना मागं शेणसर म्हणायची आणि ते त्यांना माहीत होतं. पुण्याच्या एका जाणत्या माणसाशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यानं लिहिलं होतं, की वाळवंटातले भुंगेरे नीट चिठ्ठी लावून पाठवा, एखादा आजवर कुणी न पाहिलेला निघालाच तर नोंदीत तुमचं नाव राहील. वीस वर्षं शेण चिवडलेल्या माणसाला हे वाक्य म्हणजे बदामाचा शिरा. ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत राजस्थान. पुढारी सर, वाटाड्या मी, आणि तिसरे मामा.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे अटेंडंट. आमच्याकडं शिपाई, अटेंडंट, घंटा देणारा, जो कोणी खाकी शर्टातला असेल तो मामा. प्राचार्य म्हणायचे मामा, पोरं म्हणायची मामा, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा क्लार्कही मामाच म्हणायचा. अख्ख्या कॉलेजचे ते आईचे भाऊ, आणि भाऊबीजेला ताट कुणाच्याच घरी नाही. पिंगळीहून रोज रेल्वेनं यायचे. मूळ गाव दुसरं. ठराव झाला त्या साली गावात त्यांच्या वस्तीला आग लावली गेली, तेव्हापासून पिंगळीला बायकोच्या मावशीच्या आधारानं राहायचे.

आणि किडे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा मराठवाड्यात नव्हता. ही थाप नाही. त्यांच्या आईनं जन्मभर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सांडलेलं धान्य झाडून गोळा केलं होतं, आणि ते लहानपणी तिच्यामागं रांगत फिरले होते. कुठल्या पोत्यात टोका, कुठल्या पोत्यात सोंड्या, हे पोतं न उघडता नुसता कान लावून सांगायचे. सर वर्गात शिकवताना एखाद्या किड्यापाशी अडले, की काहीतरी शोधण्याच्या निमित्तानं आतल्या खोलीत जायचे, मामांना विचारायचे, बाहेर येऊन त्याचं लॅटिन नाव सांगायचे. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

तयारी तर अशी केली, की चंद्रावर जाणारांनी केली नसेल. सरांच्या घरची मच्छरदाणी फाडून जाळ्या शिवल्या. पुढं त्यांच्या घरात सगळ्यांना हिवताप झाला म्हणतात, ते मी पाहिलेलं नाही. मोठ्या तोंडाच्या बाटल्यांत कापूस आणि किडे मारायचं औषध, मिठाईच्या खोक्यांत थर्माकोल, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या. सरांच्या सौभाग्यवतींनी धपाट्यांचा हिशेब लावला, माणशी दिवसाला सहा. शाळेच्या नकाशात जैसलमेरवर लाल शाईनं गोल केला. वाटाड्या म्हणून रस्ता मला विचारला जायचा. मी डोळे मिटून सांगायचो, आणि घरी जाऊन भूगोलाच्या पुस्तकात पाहायचो, की आज कितपत खोटं बोललो.

मग सर म्हणाले, रंगीत तालीम करू. वाळू हवी. वाळू दुधनेच्या पात्रात. एका रविवारी आम्ही तिघं जिंतूर रोडच्या एसटीनं निघालो. सरांच्या डोक्यावर टोप, गळ्यात भिंग, पायात बूट. पात्रात उतरलो आणि सरांनी पळायला सुरुवात केली. वाळूवर पळणारा एक हिरवट भुंगेरा असतो, चपळ असा, की त्याची सावली त्याच्या मागं दोन हात राहते. सर त्याच्यामागं, मी सरांच्या मागं. तासाभरात सर तीनदा पडले, मी एकदा, भुंगेरा एकदाही नाही.

मामा पळाले नाहीत. त्यांनी येताना एक जुनं पोतं आणलं होतं. ते नदीत भिजवलं, वाळूवर पसरलं, कडांवर चार धोंडे ठेवले आणि बाभळीखाली जाऊन बसले. उन्हं चढल्यावर आम्हाला हाक मारली. पोतं उचललं, तर खाली भुंगेऱ्यांचं लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं. काळे, तपकिरी, कवचावर पिवळे ठिपके असलेले. सरांनी कंबरेत वाकून पाहिलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

“पळून घावत नसतंय ते सर,” मामा म्हणाले. “सावली द्यायची. आपल्या पायानं येतंय.”

सरांनी तिथंच वही काढून लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. ‘ओल्या पोत्याची पद्धत. आम्ही वापरून पाहिली. उत्तम.’

परतीची एसटी यायला उशीर होता. सर चहा कुठं मिळतो ते पाहायला गेले. मामा आणि मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसलो. त्या दिवशी मी फार खुशीत होतो, आणि खुशीत असलो की मी दुसऱ्याच्या खजिन्यातून दान करतो. मी म्हटलं, मामा, जैसलमेरच्या चिठ्ठीवर तुमचं नाव येणार. ते म्हणाले, अटेंडंटचं येत असतंय का? मी म्हटलं, विलायतेत तर गाडीवानाचंही छापतात. विलायतेचं मला काडीचं माहीत नव्हतं. त्यांनी चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाले, “माझं नाव सरकारी कागदावर आलं ते जळल्या घराच्या पंचनाम्यात. दुसरीकडं कुठं ऱ्हायलं तर बरंच हाय. भुंगेऱ्याच्या पोटाखाली का असंना.”

मी म्हटलं, माझा शब्द.

मामांनी माझ्याकडं जसं पाहिलं, तसं पाहिलेलं मला सोसत नाही. त्यांनी विश्वास ठेवला होता. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे परभणीतलं शेंबडं पोर सांगेल, पण हा किड्यांतला जाणकार माणूस, पोत्याला कान लावून आतली अळी सांगणारा, माझं आतून पोखरलेलं असणं ऐकू शकला नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी चिठ्ठ्यांचा मजकूर मला टाइप करायला दिला. दोन नावं, आधी त्यांचं, मग माझं. मी टाइप केलं. कागद पाकिटात घालताना पेन काढलं आणि खाली कॅपिटल अक्षरांत तिसरं नाव लिहिलं. मस्टरवर पाहून लिहिलं, कारण मलाही त्यांचं पूर्ण नाव येत नव्हतं. सरांना विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. पण मी हिशेब केला, की एकदा छापून आलं की सर काय करतील, थोडं कुरकुरतील आणि मान हलवतील. माणूस दिलदार होता. नामांतराच्या बाजूनं पेपरात पत्र लिहिणारे आमच्या कॉलेजातले ते एकटेच. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडनं फाडली होती, आणि त्या फाटक्या सीटवरून ते मुद्दाम महिनाभर फिरले होते. असा माणूस एका नखाएवढ्या चिठ्ठीवरच्या नावाला कशाला अडवील?

मामांना म्हटलं, काम झालं. पाकीट त्यांच्याच हाती दिलं, कारण छापखान्यात जायचं काम त्यांचंच. ते सायकलीवर टांग टाकून गेले. शीळ घालत गेले असं सांगायचा मोह होतोय, पण शीळ घातली नाही. नुसते गेले.

छापखाना होता लग्नपत्रिकांचा. खिळे जुळवणाऱ्यानं सवयीनं प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर ॥ श्री ॥ टाकला होता. देवाच्या कृपेनं सापडलेला भुंगेरा. सरांनी भिंग लावून कागद पाहिला. श्री त्यांना खटकला नाही. तिसरं नाव खटकलं, आणि मी सुरुवातीला सांगितलं ते ओरडणं सुरू झालं.

“हा कोण माणूस?” सर ओरडले. “ह्या नावाचा कोण आहे आपल्याकडं?”

हे ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं हा माणूस त्यांच्या बरण्या धूत होता.

बेसिनपाशी मामा बाटल्या विसळत होते. त्यांनी नळ बंद केला.

“मी हाय सर,” ते म्हणाले.

सर एकदम थांबले. चेहरा आधी गोंधळला, मग ओशाळला, आणि ओशाळलेपण सहन न झाल्यासारखा तापला. ओरडणं आता हळू आवाजात सुरू झालं, ते जास्त वाईट होतं. मामा, मी तुम्हाला कधी कमी लेखलं का? तुमच्या हातचा चहा पीत नाही का? तुमच्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या नाहीत का? पण शास्त्राला काही शिस्त असते. उद्या पुण्यात विचारतील, हे तिसरे संशोधक कोण, तर काय सांगू? असं पाठीमागून नाव घालायचं?

मग ते माझ्याकडं वळले. “छापखान्यात कागद कोण घेऊन गेलं होतं?”

माझ्या कायम होण्याचा कागद त्या आठवड्यात सरांच्या टेबलावर होता. त्यावर त्यांचा शेरा पडायचा होता. चार वर्षं मी दर जूनला नव्या ऑर्डरीची वाट पाहत होतो. हे सगळं आहे, आणि ह्यातलं काहीच कामाचं नाही. मला विचारलं होतं ते कुणी लिहिलं असं नाही, कोण घेऊन गेलं असं. जन्मभर खोटं बोललेल्या माणसानं त्या घडीला शब्दाला शब्द खरं उत्तर दिलं.

“मामा,” मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं. मी पुढं बोललो नाही. मी, ज्याला गप्प करायला स्टाफरूममध्ये माणसं हात जोडायची. मग तासाची घंटा झाली आणि सर वर्गावर गेले.

दुपारी सरांनी सांगितलं, मामांकडून लेखी खुलासा घ्या. आणि भाषा कुणाची चांगली? माझी. मी आतल्या खोलीत बसून तो खुलासा लिहिला. ‘अज्ञानामुळे व अनवधानाने माझे नाव सदर मजकुरात समाविष्ट केले, याबद्दल मी दिलगीर आहे.’ असलं गुळगुळीत मराठी मी पुन्हा कधी लिहिलं नाही. मामांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता फेकतील तोंडावर. त्यांनी खाली सही केली, सावकाश, सगळं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि कागद माझ्याकडं सरकवला. सरांनी तो फायलीत लावला. पंचनाम्यानंतर त्यांचं नाव कागदावर आलं ते असं, माझ्या हातून, आणि तेही कबुलीखाली.

मामांचं जाणं रद्द झालं. शिक्षा म्हणून नाही, असं सर म्हणाले, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल म्हणून. त्यांच्या जागी सरांचे मेहुणे यायचे ठरले, पाथरीला किराणा दुकान होतं त्यांचं. त्यांना भुंगेरा आणि झुरळ ह्यांतला फरक कळत नव्हता, पण धपाटे दिवसाला नऊ लागतील असं त्यांनी आधीच कळवलं. ओल्या पोत्याचं काम मेहुण्यांना शिकवायला सरांनी मामांनाच सांगितलं. मामांनी कॉलेजच्या मैदानात पोतं भिजवून दाखवलं. काही न लपवता दाखवलं, किती भिजवायचं, वारा कुठल्या अंगाला घ्यायचा, किती वेळानं उचलायचं. मेहुणे पान खात उभे होते.

चिठ्ठ्या पाचशे छापून आल्या, दोन नावांच्या. माझा कायमचा कागद आला, सरांचा शेरा चांगला होता. आणि मग आम्ही निघायच्या आधी आठ दिवस जिल्ह्यात बंद झाला, एसट्या फुटल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढं ढकलल्या आणि नेमक्या दिवाळीच्या सुट्टीत येऊन बसल्या. सरांना सुपरव्हिजन, मला सुपरव्हिजन. पुढच्या वर्षी जाऊ, असं सर म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, त्याच्या पुढच्या वर्षी मुलीचं लग्न. जैसलमेर नकाशातल्या लाल गोलातच राहिलं. एका भुंगेऱ्याला म्हणून टाचणी लागली नाही. पाचशे चिठ्ठ्या, दोन नावं, वर कुणाचंच पोट नाही. लोक विचारत तेव्हा मी जैसलमेरच्या गोष्टी सांगतच राहिलो, आणि त्या आधीपेक्षा चांगल्या होत गेल्या.

परीक्षा संपल्या त्या दिवशी प्रयोगशाळेत मामा सगळं सामान आवरत होते. जाळ्यांच्या काड्या सोडवून बांधत होते, औषधाच्या बाटल्यांची तोंडं मेणानं बंद करत होते. मला पुष्कळ बोलायचं होतं. वाक्यंसुद्धा घरी जुळवून आणली होती, छान, डोळ्यांत पाणी येईल अशी. त्यातलं एकही आठवलं नाही. मी टेबलाशी उभा राहिलो आणि विचारलं, मामा, तुम्हाला तर माहीत होतं नाव कुणी लिहिलं. त्या दिवशी सरांना सांगितलं का नाही?

मामांनी मेणाचं भांडं दिव्यावरून उतरवून बाजूला ठेवलं.

“तुमी सांगताल म्हणून थांबलो होतो,” ते म्हणाले. “मग घंटा झाली.”